साखरेला कोटाचं बटण

४ मार्च, सोमवार

ही वही मी हौसेने लिहीत नाही. हाताला वळण लागावं म्हणून लिहायला सांगितली आहे. पेनाला स्पंज गुंडाळून ते मक्याच्या कणसाएवढं जाड केलंय आणि रोज उजव्या हाताने थोडं लिहायचं असा हॉस्पिटलचा हुकूम आहे. काय लिहू विचारलं तर म्हणे, मनात येईल ते लिहा, कोणी वाचणार नाही. वाचणार कसं? अक्षर बघून मलाच कळत नाही मी काय म्हणतोय ते.

मी शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. वकीलसाहेबांच्या कोटाला बाही जोडत होतो, तेव्हा हातातली कात्री पडली. उचलायला वाकलो आणि तिच्या शेजारीच पडून राहिलो. मेंदूत गुठळी झाली होती. जीव वाचला, उजवा हात अर्धामुर्धा उरला आणि तोंड एका बाजूने उतरलं. कोट अजून एका बाहीचा हँगरवर लटकतोय. आम्ही दोघं दिवसभर एकमेकांकडे बघत बसतो.

आज इतकंच. हात भरून आला.

६ मार्च, बुधवार

आज ती घरी आली. दर बुधवारी येणार आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मला वाटलं, हात ओढूनताणून व्यायाम करून घेईल. ही तर नुसती घरभर हिंडली. न्हाणीघरात डोकावली, पलंगावर बसून उठून बघितलं, स्वयंपाकघरातली कपाटं उघडली. घर विकत घ्यायला आल्यासारखी. मग समोर स्टूल ओढून बसली.

"मास्तर, तुम्हाला काय करता यायला हवंय?"

"कोट," मी म्हटलं. "वकिलांचा. एक बाही राहिली आहे."

"कोटाकडे येऊ. त्याआधी रोजचं काय अडतं?"

मी म्हटलं, काही नाही. तेवढ्यात आमच्या हिने आतून यादीच वाचली. "शर्टाची बटणं लागत नाहीत. दाढी अर्धी राहते. आणि चहा करता येत नाही."

चहा मला आजाराच्या आधीही येत नव्हता, हे मी थेरपिस्टच्या लक्षात आणून दिलं. "मग तो आपण नव्याने शिकू," ती म्हणाली आणि तेही टिपून घेतलं. आजाराचा फायदा घेऊन माणसाला चहा करायला लावतात हे मला माहीत नव्हतं.

ती गेल्यावर आरशासमोर उभा राहून एका बटणाशी झुंजलो. अख्ख्या वस्तीच्या शर्टांना मी बटणं लावून दिली. आज बटण जिंकलं.

९ मार्च, शनिवार

लेकीचा फोन आला. महिनाअखेरीच्या रविवारी येते आहे. तिच्या शहरात, तिच्या घरात आमच्यासाठी खोली तयार आहे. "बाबांचं बाबांना जमत असेल तर राहा तिथे. नाहीतर मी सामान बांधूनच नेणार." आवाज थेट माझ्या आईचा. अशा आवाजापुढे मी लहानपणापासून बोललेलो नाही.

मला वाटलं, ही आनंदाने तयार होईल. माझी उठबस करून बिचारी थकली आहे. पण हिने फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "मी या घरातून हलणार नाही. न्यायचं तर उचलून न्यावं लागेल."

मी गहिवरलो. म्हटलं, माझ्या दुकानावर किती जीव हिचा. फोन ठेवल्यावर लाडात येऊन शर्टाची बटणं पुढे केली. कालपर्यंत हीच लावून द्यायची, भराभर, तोंड दुसरीकडे करून. आज म्हणाली, "यापुढे तुमचं तुम्ही. तीन आठवडे आहेत हातात." आणि निघून गेली. खाष्टपणाला काही सीमा असते की नाही?

एक गोष्ट लिहावी की नाही कळत नाही. कोणी वाचणार नाही म्हणालेत, म्हणून लिहितो. ही माझ्याकडे सरळ बघत नाही. बोलते माझ्याशी, पण नजर माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी. पहिल्यांदा मला वाटलं मागे गिऱ्हाईक उभं आहे, म्हणून मी वळूनही पाहिलं. कोणी नव्हतं. आजारातून घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं, म्हणजे कारण हे तोंडच असणार. त्यात तिचा दोष नाही. मी स्वतः आरशात दाढीपुरताच बघतो. पण वाईट वाटतं. फार वाईट वाटतं.

१३ मार्च, बुधवार

थेरपिस्टने आज घराचा नूरच बदलला. न्हाणीघरात भिंतीला धरायची दांडी, आत बसायला स्टूल. बटणं लावायला एक तारेचा आकडा. तो काजातून आत घालायचा, बटणाला अडकवायचा आणि ओढायचा. शर्ट घालताना अधू हात आधी बाहीत, काढताना तो शेवटी. जन्मभर मी बाह्या शिवल्या, बाहीत शिरायचं शास्त्र आता कळलं.

इथवर ठीक. पण मग तिने स्वयंपाकघरात उतरणाऱ्या पायऱ्यांच्या कडांना पिवळ्याधमक पट्ट्या चिकटवल्या. शेगडीवर लख्ख दिवा लावला. चहाला आतून पांढरे कप काढून ठेवले आणि ओट्यावर काळी रबरी चटई घातली. शेगडीच्या बटणावर, ते बंद असताना जिथे असतं तिथे, कसलासा गोंदाचा फुगीर ठिपका दिला.

"अहो बाई," मी म्हटलं, "माझा हात गेलाय. डोळे शाबूत आहेत."

"असू द्या," ती म्हणाली. "घरात चांगलं दिसलेलं सगळ्यांनाच बरं."

मी सोडून दिलं. ती हिच्या डोक्याने चालते आहे हे मला दिसतंय. दोघी स्वयंपाकघरात दार लोटून कुजबुजत बसतात. आज मी दाराशी होतो, मुद्दाम नव्हे, तर ही म्हणत होती, "आत्ता नको. आधी त्यांचं होऊ दे." माझ्याबद्दल काहीतरी शिजतंय.

पहिला चहा केला. दूध उतू गेलं, चटईने कप धरून ठेवला, पण मला कोण धरणार? मी साखरेचा डबा सांडला. ही कोपऱ्यात स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "उकळलाय. गॅस बारीक करा." न बघता. आवाजावरून. संसारात मुरलेल्या बायकांना पाठीला डोळे असतात हे खरं असावं.

१८ मार्च, सोमवार

घरचा अभ्यास म्हणून थेरपिस्टने इलॅस्टिकच्या पट्ट्या दिल्या आहेत. त्यावर बटणं शिवायची. वेगवेगळ्या आकाराची, घट्ट, हाताला नीट लागतील अशी. कारागिराला बालवाडीत बसवलं की असं होतं. तरी बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी हातात सुई आली.

सुई धरता येते, पण दोरा ओवता येत नाही. उजवा हात थरथरतो. म्हणून हिला म्हटलं, ओवून दे. दुकानाची सगळी काजं हीच करायची. बोलता बोलता, चालता चालता दोरा ओवायची, सुईकडे ढुंकूनही न बघता. आज सुई घेऊन खिडकीशी गेली. पाठ माझ्याकडे. बराच वेळ उभी होती. मी ताटकळलो. मग सुई आणि दोरा दोन्ही माझ्या समोर टेबलावर ठेवून म्हणाली, "दोऱ्याला पीळच नाही. कुठून आणता असले दोरे?"

दोरा तोच आहे, जो आपण कायम वापरतो. मी म्हटलंही तसं. ती चिडली आणि भांडी आपटत बसली.

माझ्या लक्षात आलं. थेरपिस्टने पढवलंय: काही करून देऊ नका, झगडू दे त्यांना. बरं, झगडलो. सुई साबणाच्या वडीत उभी खोचली, दोऱ्याचं टोक तोंडात ओलं केलं आणि डाव्या हाताने ओवला. घाम फुटला, पण ओवला. ओरडून हिला सांगितलं. ही आली, साबणावरून हळूच बोट फिरवून सुई चाचपली आणि म्हणाली, "छान." डोळ्यात पाणी होतं. एवढ्याशा गोष्टीचं पाणी? मला जरा जास्तच वाटलं, पण आवडलं.

ही वही मी आधी कटिंगच्या टेबलाखाली लपवायचो. आता टेबलावर उघडी पडलेली असते. ही तिथूनच धूळ झटकते, वही उचलते, पुसते, परत तशीच उघडी ठेवते. वाचत नाही. ही तीच बाई, जी माझ्या खिशातली चिठ्ठी न चिठ्ठी वाचायची. आता तिला माझ्या मनात काय आहे याची उत्सुकतासुद्धा उरलेली नाही. माणसाने किती कवडीमोल व्हावं?

२० मार्च, बुधवार

चहात मीठ पडलं. ही म्हणाली, तुमचा चहा. चहा तिने केला होता. पण सध्या या घरात जे बिघडतं ते माझ्या खात्यावर जातं, मी वाद घातला नाही. उलट थेरपिस्ट आल्यावर सगळा दोष मीच घेतला. मोठेपणा दाखवायची संधी कमीच मिळते हल्ली.

तिने ऐकून घेतलं आणि माझ्या बटणांच्या पट्ट्या बाहेर काढायला सांगितल्या. आणि डब्यांना अडकवल्या. कोणती कुठे, हे ही सांगत होती. "साखरेला कोटाचं मोठं. चहाला शर्टाची दोन बारकी. मिठाला हुक लावा, म्हणजे टोचेल."

लोक पोरांनी काढलेली चित्रं भिंतीवर लावतात ना, तसा माझा अभ्यास आता डब्यांवर मिरवतोय. मी म्हटलं, मला साखर आणि मीठ वेगळं ओळखता येतं. "येतं की," थेरपिस्ट म्हणाली, आणि हिच्याकडे बघितलं. ही कपाटाच्या कोपऱ्याकडे बघत होती.

तरी एक सांगतो. पट्ट्यांची शिलाई चांगली झाली आहे. बटण हलत नाही.

२७ मार्च, बुधवार

रविवारची रंगीत तालीम. दाढी पूर्ण झाली. दोन्ही गाल. शर्ट एकट्याने घातला. आकड्याने एकेक बटण ओढत, मधे थांबत, शिव्या देत लावलं. विजयी मुद्रेने हिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

हिने माझ्या गळ्यापाशी हात ठेवला आणि सावकाश खाली छातीवरून पोटापर्यंत आणला. कितीतरी दिवसांत तिने असा हात लावला नव्हता. मी हुरळलो. या वयात माणूस हुरळतो हे लिहायला लाज वाटते, पण हुरळलो. काहीतरी बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "एक घर चुकलंय. खालून दुसरं."

बटणं मोजत होती.

थेरपिस्ट जाताना दारात हिला म्हणाली, "तुम्ही सांगणार ना? लेक येईल तेव्हा तरी?" हिने मान हलवली. मी विचारलं, काय सांगायचंय? "तुमची प्रगती," ही म्हणाली. मला बरं वाटलं. तोंडावर नसेल करत, पण मागे कौतुक करते तर.

३१ मार्च, रविवार

आज भरपूर लिहिणार आहे. हात मोडला तरी.

लेक सकाळीच आली, तान्ह्या नातवाला घरी ठेवून. मी दाढी करून, बटणं नीट लावून दारात. तिने मला वरून खाली बघितलं, मापं घेतल्यासारखं. चहा मीच केला. दूध ओट्यावर आलं नाही. लेक गप्प झाली. परीक्षेत नापास होणार म्हणून गृहीत धरलेलं पोर पास झालं की घरचे होतात, तसं. मी मनातल्या मनात वकिलांच्या कोटाची दुसरी बाही जोडायलाही घेतली होती.

मग लेक हिच्याजवळ सरकली. "तरीही बघून ठेव आई," म्हणाली आणि फोन हिच्या हातात दिला. मी बाजूलाच होतो, मला दिसत होतं. तिच्याकडच्या खोलीचा फोटो. पलंग, दोन उशा, निळा पडदा.

हिने फोन धरला, मान थोडी कलती केली, हसली. "किती गोड हसतोय गं. दात आले वाटतं खालचे."

मी हसलो. मला वाटलं, ही खोलीची टिंगल करते आहे. मग बघितलं तर दुसरं कोणी हसत नव्हतं.

"आई," लेक म्हणाली, "खोली आहे ती. बाळाचा फोटो नाही."

हिने फोन खाली ठेवला. ठेवण्याआधी बोटाने टेबलाची कड शोधली. ते मी बघितलं. ती अशी कड शोधते हे मी रोज बघत असणार. मग माझी नजर पायऱ्यांवरच्या पिवळ्या पट्ट्यांवर गेली, शेगडीवरच्या दिव्यावर गेली, साखरेच्या डब्यावरच्या कोटाच्या बटणावर गेली. दारातून आत येणाऱ्या माणसाचा एक खांदा अर्ध्या बोटाने खाली आहे हे मला टेप न लावता कळतं. असा मी. कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. उजवा उचलला तर तो नाकावर बसला.

"मधलं जातं," ही म्हणाली. अगदी साध्या आवाजात. "कडेचं दिसतं. अक्षर नाही, सुईचं नाक नाही, माणसाचं तोंड नाही. गेल्या वर्षापासून चाललंय. गेलेलं परत येत नाही, म्हणाला डॉक्टर, उरलंय त्यात कसं जगायचं ते शिका. यांना सांगणारच होते, तेवढ्यात हे पडले. म्हटलं, एका घरात एका वेळी एकच आजारी असलेलं बरं."

"आणि मला?" लेक म्हणाली. तिचा आवाज आता माझ्या आईचा राहिला नव्हता.

"तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी आली असतीस सामान बांधायला."

"मग आता तर प्रश्नच नाही. दोघंही चला. बाबांना एक हात, तुला डोळे नाहीत. कसं राहणार इथे?"

"तुझ्या घरात मी आंधळी होईन," ही म्हणाली. "इथे नाही होत."

आणि उठली. कोणाला हात लावू दिला नाही. पाय पायरीच्या पिवळ्या कडेवर बरोबर पडला. पातेलं हुकावरून काढलं. शेगडीच्या बटणावरचा ठिपका चाचपून गॅस लावला. डब्यांच्या रांगेवरून हात फिरवला: हुक, सोडून दिला. दोन बारकी बटणं, थांबली, चहा घातला. कोटाचं बटण, साखर. माझी शिलाई. मी व्यायाम म्हणून शिवली होती, शिव्या देत, आणि ही त्या बटणांवर चालत होती. मला रडू आलं, मी ते थांबवलंही नाही. अधू तोंडाने रडताना माणूस फार विचित्र दिसतो. लेकीने तोंड फिरवलं.

"अहो, कप," ही म्हणाली.

मी गेलो. कप डाव्या हाताने धरला. ती ओतू लागली, मी बघत राहिलो. पांढऱ्या कपात काळपट कड वर चढत आली. "बस," मी म्हटलं. ती थांबली. एक थेंब बाहेर गेला नाही. दोघांत मिळून एक माणूस होतो तर आमचा.

लेक तो चहा प्यायली. कप विसळून पालथा घातला. मग म्हणाली, "मी दर रविवारी येणार. आणि यापुढे कोणी काही लपवलं तर त्याच दिवशी गाडी बोलावणार." जमलं म्हणायचं.

ती गेल्यावर धीर करून विचारलं. "म्हणजे माझ्याकडे सरळ बघत नव्हतीस, ते..."

"सरळ बघितलं की तुम्ही पुसले जाता," ती म्हणाली. "नाक, डोळे, सगळंच. जरा बाजूला बघितलं की दिसता."

"मला वाटलं, या तोंडामुळे."

"तोंड उतरलंय की जरा. ते मला आल्या दिवशी दिसलं, कडेने." तिने कप चाचपून उचलले. "मला वाटलं माझ्यावर रुसलात, म्हणून उतरलंय."

३ एप्रिल, बुधवार

थेरपिस्ट आली. घरात पाऊल टाकताच तिला कळलं. मी म्हटलं, बाई, एवढे बुधवार तुम्ही मला बालवाडीत बसवलंत आणि कशासाठी ते सांगितलं नाहीत.

"हात तुमचाच सुधारला ना?" ती म्हणाली. "बाकीचं सांगायचं त्यांच्याकडे होतं. मी दर वेळी आठवण करत होते. मी डोळा किंवा हात बघायला येत नाही, मास्तर. सकाळी उठून तुम्ही दोघं दिवस कसा पार पाडता, ते बघायला येते."

आता दोघांना मिळून अभ्यास आहे. बाजारात जाताना हिने माझ्या डाव्या दंडाला धरायचं, पिशवी तिच्या हातात, यादी माझ्या डोक्यात. वाटेत भांडायला बंदी नाही, विचारून घेतलं.

वकिलांचा कोट दुसऱ्या मास्तरकडे पाठवला. एक बाही जोडायची आहे, बाकीची शिलाई माझी आहे, एवढं सांगा म्हटलं. हँगर रिकामा झाला. तो अजून तिथेच लटकतोय, काढेन तेव्हा काढेन. थेरपिस्ट म्हणते, तिच्याकडच्या आणखी दोन घरांना बटणांच्या पट्ट्या हव्यात. धंदा पुन्हा उभा राहतोय, इलॅस्टिकवर का होईना.

संध्याकाळी ही टेबल पुसत होती. वही उचलली, पुसली, परत ठेवू लागली. तेव्हा मला लख्ख कळलं, हिला माझ्या मनातलं नको होतं असं नाही.

"वाचून दाखवू?" मी म्हटलं.

"माझ्याबद्दल काय लिहिलंय?"

"खाष्ट."

"कुठे?"

"एका ठिकाणी तसं स्पष्ट. बाकी सगळीकडे आडून."

फडकं खाली ठेवून ती समोर बसली. "पहिल्यापासून वाचा. गाळायचं काही नाही."

वाचलं. चहापाशी ती हसली. मग ९ मार्चचं पान आलं. ते गाळावंसं फार वाटलं. माझं अक्षर, ते मलाच लागत नाही असं सांगता आलं असतं. पण वाचलं. ही माझ्याकडे सरळ बघत नाही, इथपासून ते फार वाईट वाटतं, इथपर्यंत.

ती मान वळवून खिडकीच्या चौकटीकडे बघत राहिली, बराच वेळ, डोळे न हलवता.

माझ्याकडे बघत होती.